सा ओठांशी, कोमल रे हाताच्या टोकाला: ट्रॉम्बोनवाल्यांनी लिहिलेला जॅझचा इतिहास

पेटीवर सा आणि कोमल रे एकमेकांना खेटून असतात. ट्रॉम्बोनवर, म्हणजे सरकत्या नळीच्या त्या फुंकवाद्यावर, या दोन स्वरांच्या मध्ये माणसाचा अख्खा हात मावतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. म्हापशात एका मित्राच्या घरी त्याच्या वडिलांचा जुना ट्रॉम्बोन दिवाणाखाली ठेवलेला असतो. अंकल तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. एका पावसाळी दुपारी मी फारच चौकश्या करायला लागलो तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला, आतल्या नळीला किंचित पॉन्ड्स कोल्ड क्रीम लावलं (हो, तोंडाला लावतात तेच, ट्रॉम्बोनवाल्यांचं हे जुनं वंगण आहे), वरून पाण्याचा फवारा मारला आणि बाहेरची नळी एकदा पुढे-मागे केली. जराही खरखर नाही. मग मला म्हणाले, "तू गाणारा ना? काळी पाचचा सा धर. आता कोमल रे दे."

सा लागला. म्हशीसारखा लागला, पण लागला. कोमल रेसाठी मी नळी थोडी पुढे केली, तर खालचा नी आला. आणखी पुढे, कोमल नी. अंकल हसत होते. "वर जायचंय ना? मग सगळा हात लांब कर आणि ओठ आवळ." कोपर सरळ झालं, खांदा ओढला गेला, नळीचं टोक समोरच्या शोकेसच्या काचेला लागायला आलं, तेव्हा कुठे कोमल रे सापडला.

जॅझमधल्या ट्रॉम्बोनचा इतिहास वाचताना मला ती काच आठवते. हा इतिहास ज्यांनी नेटाने लिहिला त्यांच्यात स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या लिखाणात इतर समीक्षकांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. त्या का दिसतात हे कळायला आधी वाद्य थोडं उघडून बघावं लागेल.

नळी लांब केली की सूर उतरतो, हे शाळेतलं विज्ञान. ट्रॉम्बोनची नळी पूर्ण आत असताना तिची एकूण लांबी सुमारे नऊ फूट असते. सरकत्या भागाला सात थांबे, त्यांना वाजवणारे पोझिशन म्हणतात. पहिली ओठांजवळ, सातवी हात संपतो तिथे. प्रत्येक पुढच्या थांब्याला सूर पेटीच्या एका पट्टीने खाली येतो. नळीवर खूण नाही, खाच नाही, आणि थांब्यांमधली अंतरंही सारखी नाहीत: पहिल्या-दुसऱ्यात साधारण आठ सेंटिमीटर, सहाव्या-सातव्यात अकराच्या आसपास. सगळा हिशोब कानाचा आणि खांद्याच्या सवयीचा.

दुसरी गोष्ट ओठांची. बिगुल वाजवणाऱ्याकडे एकच नळी असते आणि ती हलत नाही, तरी तो चार-पाच सूर काढतो. ओठ आवळत नेले की त्याच लांबीच्या नळीतून ठराविक स्वर पायरीपायरीने वर येतात. ट्रॉम्बोनला काळी पाचचा सा धरला तर नळी पूर्ण आत ठेवून, नुसत्या ओठांवर मिळतात: सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग, मग प, थोडा उतरलेला कोमल नी, आणि आणखी वरचा सा. तंबोऱ्यात न छेडता ऐकू येतो तो स्वयंभू गंधार याच कुळातला. निसर्गाने दिलेले हे फुकटचे स्वर. त्यांच्या मधल्या जागा नळी सरकवून भरायच्या.

आता अंकलचं कोडं सुटतं. सा पहिल्या पोझिशनवर फुकट, प पहिल्या पोझिशनवर फुकट. मधले स्वर पवरून उतरत काढायचे: तीव्र म दुसरीत, शुद्ध म तिसरीत, ग चौथीत, कोमल ग पाचवीत, रे सहावीत आणि कोमल रे थेट सातवीत. वरच्या सप्तकात मात्र फुकटचे स्वर एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे तीन-चार पोझिशनमध्ये सगळं भागतं. म्हणजे खाली वाजवलं तर हात दमतो आणि वर वाजवलं तर ओठ दमतात. जॅझच्या ट्रॉम्बोनवाल्यांनी केलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन दमण्यांमधली तडजोड आहे.

राहिली मींड. आपल्याला वाटतं, सरकती नळी आहे म्हणजे गवयासारखी कुठूनही कुठेही मींड घेता येत असेल. तसं नाही. सलग मींड एकाच पायरीवर मिळते आणि ती फार तर सातवीपासून पहिलीपर्यंत, म्हणजे सहा पट्ट्यांची. कोमल रेपासून पपर्यंत मिळेल. तीव्र मपासून वरच्या सापर्यंत मिळेल. सापासून पपर्यंत, जी कुठलाही गवय्या सहज घेईल, ती मिळणार नाही. मध्ये ओठांना पायरी बदलावी लागेल आणि सांधा ऐकू येईल. मींड कुठे घ्यायची यात नळीचंही मत असतं.

न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी हे मत मान्य केलं आणि त्याचीच शैली केली. किड ओरी, जन्म १८८६, लुइझियानातल्या लाप्लासचा. त्या काळी बँड घोडागाडीवर बसून जाहिरात करत गावभर फिरायचे. ट्रॉम्बोनवाला गाडीच्या मागच्या टोकाला, खाली पाडलेल्या फळकुटाशी बसायचा, म्हणजे त्याची नळी कुणाच्या पाठीत जाणार नाही. त्यावरून या वादनाला टेलगेट नाव पडलं. ट्रंपेटच्या जातीचं कॉर्नेट चाल वाजवतंय, क्लॅरिनेट वरून नक्षी काढतंय आणि ट्रॉम्बोन खालून एका सुरावटीकडून दुसरीकडे मोठ्या मिंडांनी ढकलतोय, असा तो संसार. ओरीची मींड ऐकली की आपण "वा, काय रंगेल माणूस" म्हणतो. ट्रॉम्बोनवाला ऐकतो आणि म्हणतो, "सातवी ते पहिली."

पण टेलगेटची ही गोष्ट सांगताना एक छायाचित्र आडवं येतं. १९०५च्या सुमाराचं, बडी बोल्डेनच्या बँडचं, जॅझच्या उगमाशी ठेवला जाणारा बँड. त्यात विली कॉर्निशच्या हातात ट्रॉम्बोन आहे, पण सरकत्या नळीचा नाही. ट्रंपेटसारख्या कळा दाबायचा, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन. म्हणजे नळीवरची मींड जॅझच्या रक्तातच होती वगैरे म्हणण्याआधी जरा थांबायला हवं. बोल्डेनचं ध्वनिमुद्रण हाती नसल्यामुळे कॉर्निशचा आवाज कसा होता ते त्या फोटोवरून कळत नाही.

या इतिहासाची सगळी अडचण इथेच आहे. ज्या संगीताचा बराच भाग वाजवतानाच सुचतो त्याची कागदपत्रं नसतात. असतात त्या तबकड्या, आणि तबकड्यांना स्वतःचा पक्षपात असतो. जॅझची पहिली तबकडी फेब्रुवारी १९१७ची, ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड या गोऱ्या वादकांच्या बँडची. त्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं, कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं आणि एडी एडवर्ड्सचा ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. ओरीच्या कृष्णवर्णीय बँडचं ध्वनिमुद्रण व्हायला १९२२ उजाडलं आणि तेही न्यू ऑर्लिन्सला झालं नाही, लॉस एंजेलिसला झालं. तबकड्यांच्या क्रमाने इतिहास लिहिला तर हंबरणारी गाय आधी येते आणि गाडीच्या मागे बसलेला ओरी नंतर.

तरीही तबकडी हाच पुरावा. मग ती ऐकून कागदावर उतरवायची. आपल्याकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी उस्तादांकडून मिळवून स्वरलिपीत बांधल्या, त्यासाठी केलेली मिनतवारी आपल्याला ठाऊक आहे. जॅझमध्ये उस्ताद तबकडीत बंद आणि तीन मिनिटांत गप्प होणारा. सुई उचलायची, पुन्हा ठेवायची, चार मात्रा लिहायच्या, पुन्हा सुई. जुन्या काही रेकॉर्ड प्लेअरना मिनिटाला सोळा फेऱ्यांचा वेग असायचा. तेहेतीसची लाँग प्ले त्यावर लावली की सगळं निम्म्या वेगात आणि बरोबर एक सप्तक खाली ऐकू येई. द्रुत तानेची उकल करायला वादकांची ही आवडती युक्ती.

अशा उतरवण्यावर ट्रॉम्बोनचा इतिहास उभा करणारा एक माणूस म्हणजे डेव्हिड बेकर. १९७३ साली त्याचं जॅझ ट्रॉम्बोनवरचं पुस्तक निघालं, आणि त्याच्या उपशीर्षकातच प्रतिज्ञा होती: ध्वनिमुद्रित सोलोंमधून जॅझ ट्रॉम्बोनचा इतिहास, स्वरलेखन आणि टिपांसह. एकामागून एक वादक, एकामागून एक सोलो, पाच रेषांवर उतरवलेले. गोष्टीवेल्हाळ वाचकाला हे पुस्तक रुक्ष वाटेल. मला ते थोडं कारुण्याने भरलेलं वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याचा स्वतःचा ट्रॉम्बोन तोवर सुटलेला होता.

बेकर १९३१चा, इंडियानापोलिसचा. तिथलं क्रिस्पस अटक्स हायस्कूल १९२७ साली फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेलं. वेगळं बसवण्यासाठी काढलेल्या त्या शाळेत बेकरच्या आधी काही वर्षं जे. जे. जॉन्सन शिकून गेला होता, ज्याच्याकडे मी येणारच आहे. स्लाइड हॅम्प्टन हा तिसरा मोठा ट्रॉम्बोनवाला याच शहरात वाढला. एका मध्यम आकाराच्या शहराने एवढे ट्रॉम्बोनवाले कसे काय दिले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९५३ साली मोटार अपघातात बेकरच्या जबड्याला इजा झाली. ती आत राहिली आणि हळूहळू वर आली. मधल्या काळात तो जॉर्ज रसेलच्या बँडमध्ये वाजवत होता, १९६१च्या एका ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोनवाल्या एरिक डॉल्फीच्या शेजारी त्याचा ट्रॉम्बोन ऐकता येतो, आणि १९६२ साली जॅझच्या डाउनबीट मासिकाने त्याला नव्या दमाच्या वादकांमध्ये गौरवलं. त्याच सुमारास जबड्याने साथ सोडली. ओठ आवळायचे म्हणजे सगळा भार जबड्यावर. तो नाही तर फुकटचे स्वरही नाहीत. बेकर चेलोकडे वळला. चेलो बघा: तिथेही पडदे नाहीत, खुणा नाहीत, अंतर कानाने मोजायचं. १९६६पासून तो इंडियाना विद्यापीठात जॅझ शिकवायला लागला, अनेक दशकं तो विभाग सांभाळला, भरमसाट पुस्तकं आणि रचना लिहिल्या, आणि २०१६ साली गेला.

ज्याला वाजवता येत नाही पण कोणता स्वर कुठल्या पोझिशनचा हे अंगात भिनलेलं आहे, असा माणूस तबकडी ऐकताना काय ऐकत असेल?

याचा एक नमुना मी म्हापशातच बघितला. एका जुन्या तबकडीतली मींड मी मोबाइलवर ऐकून उतरवली होती, मोठ्या अभिमानाने. पांढरी चारपासून सरळ पांढरी सातपर्यंत, सहा पट्ट्या, सलग. अंकलनी चष्मा लावला, कागदाकडे बघितलं, हात हवेत पुढे-मागे केला आणि पेन्सिलने शेवटच्या स्वराभोवती गोल काढला. "हा इथे येतच नाही." सहा पट्ट्यांची सलग मींड म्हणजे सातवीतून पहिलीत. पहिलीत संपणार म्हणजे फुकटच्या स्वरावरच संपणार: काळी पाच, पांढरी चार किंवा वर गेलात तर पांढरी दोन आणि थोडी उतरलेली काळी चार. पांढरी सात त्या यादीत नाही. मग चूक माझ्या कानाची? नाही, गाण्याची पट्टीच एकाने चढली होती. जुन्या तबकड्या नेहमी अठ्ठ्याहत्तरनेच मुद्रित झालेल्या नसत. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सगळं गाणं एक पट्टी सरकतं. ती मींड खरी काळी पाचला संपत असणार. जी गोष्ट शोधायला यंत्रं लागावीत ती एका खांद्याने सांगितली.

अशा खांद्याने ऐकलं की जॅक टीगार्डनही वेगळा ऐकू येतो. टेक्ससमधल्या व्हर्ननचा, जन्म १९०५. न्यू यॉर्कला आला तो विसाच्या दशकाच्या शेवटी, आणि त्याने टेलगेटची ढकलाढकली बाजूला ठेवली. आळसावलेला, बोलल्यासारखा ब्लूज; घाई म्हणून नाही. समीक्षक त्याला निवांत म्हणतात. पण त्याची नळी बघा: बहुतेक वेळ जवळच्या पोझिशनमध्ये. असं सांगतात की लहानपणी वाद्य हातात आलं तेव्हा हात आखूड होते, लांबच्या पोझिशन पोचायच्याच नाहीत, म्हणून पोराने ओठांवर जोर दिला आणि जवळच्या जवळ पर्यायी जागा शोधल्या. मूळ गरज गेली, सवय राहिली. त्याच्या मुरक्या ओठांनी घेतलेल्या आहेत, नळीने नव्हे. म्हणून त्या मिंडेसारख्या ओघळत नाहीत, गळ्यातल्या मुरकीसारख्या तुटक आणि नेमक्या येतात. १९५८-५९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं, त्यात भारतही होता.

मग चाळीसचं दशक, बीबॉप ही जॅझची नवी वेगवान शैली, आणि ट्रॉम्बोनवाल्यांचं धाबं दणाणलं. सॅक्सोफोन आणि ट्रंपेटवर बोट दाबलं की स्वर. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ज्या वेगाने वाजवत होते त्या वेगात फूटभर नळी सरकवायची कशी? त्यातून जिभेची भानगड: दोन स्वरांमध्ये नळी सरकताना जिभेने हवा क्षणभर अडवली नाही तर मधली मींड ऐकू येते, सगळी तान लडबडते. जीभ आणि मनगट दोन्ही एकाच क्षणी, सेकंदाला आठ-दहा वेळा.

जे. जे. जॉन्सनने हे केलं. १९४६मध्ये त्याच्या नावावर पहिली ध्वनिमुद्रणं निघाली आणि लोकांना वाटलं हा कळांचा ट्रॉम्बोन असणार. नव्हता. त्याने आवाज कोरडा आणि सरळ केला, कंप जवळजवळ काढून टाकला, मींड तर हद्दपार. आणि वाटा बदलल्या: प्रत्येक तानेत नळी कमीत कमी वळावी, एकाच दिशेने जाता जाता दोन-तीन स्वर मिळावेत अशी आखणी. सुताराने फळ्या वाया जाऊ नयेत म्हणून आधी खडूने आखून घ्यावं तसं. गंमत अशी की पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जगण्यासाठी तो खरोखरच एका कारखान्यात नकाशे तपासायची नोकरी करत होता. १९५४पासून डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या काय विंडिंगबरोबर त्याची जोडी जमली तेव्हा कुठे वाजवून पोट भरायला लागलं.

पुढे कार्ल फोंटानासारख्या वादकांनी जिभेचा वेगळाच मार्ग काढला: तोंडात "डूडल-डूडल" म्हणत वाजवायचं. एक अडवणं पुढून, एक बाजूने. तबलजीला समजावून सांगायला नको. "तिरकिट" एका हाताने कोण वाजवतं?

बेकरच्या पद्धतीचा इतिहास इथे झळाळून उठतो. कागदावर तान दिसते, पोझिशन मांडता येतात, जॉन्सनची युक्ती उघड होते, विद्यार्थी ती उद्या सकाळी वाजवू शकतो. पण मला इथेच शंका येते. वादकाने लिहिलेला इतिहास नकळत अवघड गोष्टींकडे झुकतो. ओरीनंतर टीगार्डन, त्याच्यानंतर जॉन्सन, मग आणखी वेगवान कुणी, असा चढता जिना तयार होतो. आपल्याकडे तानबाजी हेच गाणं समजणारे असतात, त्यातला प्रकार. बेकरचा हा हेतू असेल असं मला वाटत नाही. पाच रेषांचा कागदच तिकडे ओढतो.

तो कागद ज्याच्यापुढे हात टेकतो तो माणूस म्हणजे जो नँटन, टोपणनाव ट्रिकी सॅम. १९२६पासून १९४६मध्ये मरेपर्यंत ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये. याला वेगाचं काही पडलेलं नव्हतं. एकेका सोलोत तीन-चार स्वर. पण तो ट्रॉम्बोन बोलायचा, रडायचा, कुत्सितपणे "या-या" करायचा. साहित्य: भोंग्याच्या आत अडकवलेला, ट्रंपेटसाठी बनवलेला लहान म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, आणि वरून डाव्या हातात रबरी वाडगा. हा वाडगा म्हणजे मोरी तुंबली की प्लंबर काठीला लावून आणतो तोच. वाडगा झाकला की आवाज कोंडतो, उघडला की फुटतो, मधल्या प्रत्येक कोनात वेगळा स्वरवर्ण. त्यावर तोंडाची आतली पोकळीही बदलायची, "ऊ" पासून "या" पर्यंत. पोझिशन दोन किंवा तीन. खांद्याने ऐकणाऱ्याला इथे हाती काहीच लागत नाही.

नँटनचा आणि त्याच्या शेजाऱ्यांचा छडा लावायला दुसरा एक ट्रॉम्बोनवाला बसला: विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजात शिकवणारा कर्ट डिट्रिच. त्याचं १९९५चं पुस्तक फक्त एलिंग्टनच्या ट्रॉम्बोनवाल्यांवर आहे. एकाच बँडचा एवढाच कोपरा. पण त्यामुळे चढता जिना मोडतो, कारण १९३२पासून त्या एका बाकावर तीन तऱ्हा शेजारी बसलेल्या होत्या आणि कोणीच कोणाच्या पुढची पायरी नव्हता. नँटन त्याच्या वाडग्यासह. लॉरेन्स ब्राउन, धर्मोपदेशकाचा मुलगा, चेलोसारखा रुंद आणि गोड. आणि तिसरा, पोर्तो रिकोचा व्हान तिझोल.

तिझोलसाठी मी थोडा थांबतो. त्याच्या हातात कळांचा ट्रॉम्बोन, आणि तो सुचेल तसं वाजवणाऱ्यातला नव्हताच. लिहिलेलं नितळ वाजवायचा. जॅझचा इतिहास सोलोंमधून लिहिला तर या माणसाचं नाव तळटिपेत जाईल. पण १९३६ची "कॅरव्हान", ती सगळ्या जगाने वाजवलेली चाल, त्याची. शिवाय एलिंग्टनने सुचेल तसं खरडलेलं संगीत प्रत्येक वादकासाठी स्वच्छ कागदावर उतरवून द्यायचं कामही तो करायचा. ट्रॉम्बोनवाल्याची लेखणी म्हणायचं तर ही पहिली.

मेल्बा लिस्टनचंही तसंच. १९२६मध्ये कॅन्सस सिटीत जन्मलेली, सातव्या वर्षी हट्टाने ट्रॉम्बोन घेतलेली. गिलेस्पीच्या बँडमध्ये पुरुषांच्या रांगेत बसली. स्वतःच्या नावावर एकच अल्बम, १९५८च्या सुमाराचा. पण दुसऱ्यांसाठी, विशेषतः पियानोवादक रँडी वेस्टनसाठी, तिने केलेल्या अरेंजमेंट ढीगभर. सोलो मोजायला बसलात तर ती दोन ओळींत संपते. हा बेकरवर आरोप नाही. जाळं जसं विणाल तसे मासे. पुढे शिकागोच्या जॉर्ज लुइस या ट्रॉम्बोनवाल्याने १९६५ साली तिथे स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या संघटनेचा, एएसीएमचा, जाडजूड इतिहास २००८मध्ये लिहिला. तो स्वतः त्या संघटनेचा सभासद, पण त्याने सोलो उतरवले नाहीत. माणसांना बोलतं केलं. भाडं कसं भरलं, सभेत कोण कोणाशी भांडलं, हे सगळं त्यात येतं. तेही संगीतच, असं त्याचं म्हणणं वाचताना पटत जातं.

एलिंग्टनचा तो बाक, बराचसा बदललेला, १९६३च्या शरद ऋतूत मुंबईतही येऊन गेला. नँटनला जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि साठच्या दशकात त्याचा रबरी वाडगा गोड सुराच्या लॉरेन्स ब्राउनच्या गळ्यात पडलेला होता. त्याला ते मुळीच आवडत नसे.

मुंबईचे गोवेकर वादक या उतरवण्याच्या कामात आपल्या परीने मुरलेले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पाच रेषांचं लेखन लहानपणीच पक्कं झालेलं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे अरेंजर ती ऐकता ऐकता लिहून, चाळीस-पन्नास वादकांना वाटून द्यायचे. तिझोलचंच काम, दादर-ताडदेवच्या स्टुडिओत. अंकल स्वतःला त्या मानाने किरकोळ समजतात. "मी फक्त कागद वाचायचो," म्हणतात.

मागच्या खेपेला मी त्यांच्याकडे नँटनचे आठ बार, म्हणजे तालाचे आठ खंड, घेऊन गेलो. चार दिवस हेडफोन लावून उतरवलेले. स्वर म्हणाल तर एक सा, एक कोमल ग, परत सा. वाडगा कधी झाकला आणि कधी उघडला ते दाखवायची पद्धत अशी की झाकल्याला स्वराच्या डोक्यावर फुली आणि उघड्याला गोल. अर्धवट उघड्यासाठी मी फुलीवर गोल काढले होते, आणि "या" नेमका कुठे येतो ते न कळल्यामुळे काही ठिकाणी दोन्ही खोडून पुन्हा लिहिलं होतं. स्वर त्या गर्दीत दिसेनासे झाले होते.

अंकलनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, सरळ धरला, उलटा धरला.

"फुली-गोळा," ते म्हणाले. "कोण जिंकलं?"